मदत हवी आहे: पोर्टफोलिओ आणि सीव्हीवर 'छान आहे'च्या पुढचं कोणी सांगेल का?

अर्धवट_रेषा
नमस्कार मंडळी, इंडस्ट्रियल डिझाइनची (वापरातल्या वस्तूंच्या डिझाइनची) पदवी नुकतीच हातात आलीये आणि नोकरीसाठी पोर्टफोलिओ, सीव्ही पाठवणं चालू आहे, म्हणजे पाठवतेय पण पलीकडून काहीच येत नाही, साधा नकार पण नाही. त्यामुळे गाडी अडतेय कुठे तेच कळेना. पोर्टफोलिओ कुणी उघडतंय का, उघडून पहिल्या पानावरच बंद करतंय का, की सीव्हीतच बाद होतेय, काही पत्ता नाही.

मित्रमैत्रिणी सगळे "भारी झालाय" म्हणतात, घरचे तर काय घरचेच. सरांना दाखवला, पण त्यांना प्रत्येक प्रोजेक्ट पहिल्यापासून माहितीये त्यामुळे पानावर जे नाहीच ते पण त्यांना दिसतं. मग ओळखीतून इंडस्ट्रीतल्या दोघांना विचारलं तर एक म्हणाले रिसर्च फार झालाय, काम दाखव, आणि दुसऱ्या मॅडम म्हणाल्या रेंडर (संगणकावर बनवलेली वस्तूची चित्रं) सुंदर आहेत पण तू विचार कसा करतेस तेच दिसत नाही. आता दोघंही अनुभवी, मी ऐकू कुणाचं??

सध्याचा हिशोब असा: एकच पीडीएफ, ४२ पानं, ८ प्रोजेक्ट, ८६ एमबी (हसू नका). सीव्ही एका पानाचा, दोन कॉलम, डावीकडे सॉफ्टवेअरचे बार, राइनो ९०%, कीशॉट ८५% वगैरे. सगळ्यात चांगलं काम इंटर्नशिपमधलं आहे पण तिथे गोपनीयतेच्या करारावर सही केलीये आणि ते प्रॉडक्ट अजून बाजारात आलेलं नाही.

तर प्रोफेशनल माणसाकडून नीट फीडबॅक मागायचा कसा, मागायचा कुणाकडे, आणि पैसे घेऊन रिव्ह्यू करून देणारे असतात त्यांच्याकडे जावं का? कडक बोललात तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.

फोमकोअर
८६ एमबी :D जीमेलला २५ एमबीच्या वरची फाइल जोडली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक होते आणि परवानगी नीट दिली नसेल तर समोरच्याला 'अ‍ॅक्सेस मागा' असं पान दिसतं. कोणी मागत नाही, पुढच्या उमेदवाराकडे जातात. आधी तुझी लिंक इन्कॉग्निटोमध्ये (जिथे तुझं लॉगिन नसतं) उघडून बघ, उत्तर न येण्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल. आणि फोटो स्क्रीनपुरते कमी कर, ३०० डीपीआय छपाईला लागतं, लॅपटॉपवर बघणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

खडूस_रिव्ह्यूअर
आमच्या स्टुडिओत ज्युनियर घेताना पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात म्हणून लिहितो. तुला वाटतंय दोघांनी उलटसुलट सांगितलं, मला तर दोघं एकच सांगतायत असं दिसतंय. "रिसर्च फार" म्हणजे सर्व्हेचे पाय चार्ट, खोट्या नावांचे पर्सोना (कल्पनेतले ग्राहक), आणि ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलचा तो डबल डायमंड, म्हणजे डिझाइनच्या टप्प्यांची दोन चौकटींची आकृती, जो हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याच्या पान ४ वर असतोच. आणि "विचार दिसत नाही" म्हणजे त्या सगळ्या रिसर्चमुळे वस्तूत बदललं काय ते कुठेच लिहिलेलं नाही. तू १५ जणांशी बोललीस, ठीक, मग बोलल्यावर मूठ जाड झाली का? बटण वरून खाली गेलं का? जिथे तसं झालंय ती आधीची आणि नंतरची दोन मॉडेल शेजारी ठेव, खाली एक ओळ लिही, संपलं. पाय चार्टची पानं तिथेच गळून पडतील.

दुसरं म्हणजे रेंडर. कीशॉटमध्ये सगळंच सुंदर दिसतं त्यामुळे आम्ही त्यावर फार वेळ घालवत नाही, आम्ही बघतो की हा प्लास्टिकचा पार्ट साच्यातून बाहेर कसा येणार. ड्राफ्ट अँगल (साच्यातून सुटायला दिलेला भिंतीचा उतार) दिलाय का, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का की मध्येच ठोकळा आहे आणि तिथे सिंक मार्क (पृष्ठभागावर खड्डा) येणार, पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग मिळतात ती रेषा) कुठून जाते, आत स्क्रू कुठे बसतात. ज्युनियरला हे सगळं यावं अशी अपेक्षा नसते हो, पण एका तरी प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न डोक्यात आलेला दिसला पाहिजे. फोमची ओबडधोबड मॉडेलं, कार्डबोर्डचे तुकडे, हाताने मोजमाप घेतलेले फोटो, हे असतील तर पुढे आण, पोरं हेच लपवतात.

८ प्रोजेक्ट नकोत, ४ पुरे. कमकुवत प्रोजेक्ट चांगल्यालाही खाली ओढतो, कारण बघणाऱ्याच्या मनात येतं की हिला यातला फरकच कळत नाही का.

फीडबॅक मागण्याबद्दल: "प्लीज रिव्ह्यू करा" असा मेल आला की मी पण "छान आहे, शुभेच्छा" लिहून मोकळा होतो, खरं सांगतोय. त्याऐवजी ज्या जागेसाठी अर्ज करतेस ती जाहिरात जोड आणि एकच प्रश्न विचार, उदा. "या जागेसाठी यातला कुठला प्रोजेक्ट काढाल?" काढायला सांगितलं की माणूस खरं बोलतो. वीस मिनिटांचा कॉल मिळाला तर अजून उत्तम, तेव्हा स्क्रीन त्यांना शेअर करायला लाव, पानं त्यांनाच उलटू दे आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांग. तू गप्प बसायचं. ते कुठे थांबतात, कुठे भराभर पुढे जातात तेवढं लिहून घे. समजवायला तोंड उघडलंस की समजायचं त्या पानावर काहीतरी कमी आहे. शेवटी फाइल बंद करून विचार काय आठवतंय.

चाळणीवाली
खडूसरावांशी सहमत. मी एचआरमध्ये आहे, सीव्हीपुरतं बोलते. ते टक्क्यांचे बार आजच काढ. राइनो ९०% म्हणजे नक्की काय, उरलेलं १०% कुठलं? त्याजागी राइनोमध्ये काय बनवलं ते लिही.

दोन कॉलम वाईट असं नाही, पण मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि काही सॉफ्टवेअर दोन्ही कॉलमच्या ओळी एकमेकीत मिसळून टाकतात. सोपी टेस्ट: पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. क्रम नीट आला तर ठीक. काहीच सिलेक्ट होत नसेल तर इलस्ट्रेटरमध्ये (चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे आकार, केले असतील, मग मशीनला तिथे अक्षर नाही, नुसती चित्रं आहेत. डिझाइनवाल्यांच्या सीव्हीत हे हमखास दिसतं.

आणि माणसाकडे तरी वेळ कुठे असतो. द लॅडर्स नावाच्या नोकरीच्या साइटने २०१८ मध्ये आय-ट्रॅकिंग करून बघितलं होतं, सीव्हीची पहिली नजर सरासरी ७.४ सेकंद निघाली. त्यामुळे नाव, काय काम करतेस आणि पोर्टफोलिओची लिंक हे वरच्या भागात हवं, आणि लिंक क्लिक होते का तेही बघ बाई.

रेंडर_सुरू_आहे
मीपण याच बोटीत आहे. एडीपीलिस्ट नावाच्या साइटवर मेंटॉर (अनुभवी मार्गदर्शक) फुकट वेळ देतात, मी घेतला होता, पण तिथे अ‍ॅप आणि वेबसाइटवाले जास्त आहेत, वस्तू बनवणारे शोधावे लागतात. कोरोफ्लॉट या साइटवर इंडस्ट्रियल डिझाइनवाल्यांचे पोर्टफोलिओ असतात, तिथे नोकरीला लागलेल्या लोकांचं सुरुवातीचं काम बघता येतं. मला सगळ्यात कामाचा सल्ला मात्र दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरने दिला. मोठ्या लोकांना आपण नोकरी कशी मिळवली हे आता आठवत नाही बहुतेक.

चॅटजीपीटीला पण दाखवलं होतं. स्पेलिंग आणि लांबलेली वाक्यं नीट पकडतो, बाकी सगळं "प्रभावी" आहे म्हणतो.

टूलरूम
चॅटजीपीटीला इंटर्नशिपचं काम दाखवू नका कृपा करून. अर्धवट_रेषा, करार सही केलाय तर पासवर्ड लावलेलं पान किंवा लोगो पुसलेला फोटो ही पळवाट होत नाही, परवानगी लागते. तुमच्या तिथल्या गाइडना मेल करा आणि नेमकं विचारा की काय दाखवू शकते, लेखी उत्तर घ्या. बऱ्याचदा "प्रॉडक्ट बाजारात आल्यावर हरकत नाही" किंवा "फक्त सुरुवातीची स्केचेस चालतील" असं मिळतं. तोवर सीव्हीत दोन ओळी, कुठल्या विभागात होता आणि तुमची जबाबदारी काय, त्यातही काय लिहिलेलं चालेल ते त्यांनाच विचारा. एक सांगतो, मुलाखतीत "ते दाखवता येणार नाही" असं शांतपणे सांगणारा उमेदवार आम्हाला आवडतो, कारण उद्या आमचं काम पण तो असंच सांभाळेल.

पैसे घेणाऱ्यांबद्दल: तो माणूस स्वतः तुमच्याच क्षेत्रात माणसं निवडतो का, आणि आधी दिलेल्या रिव्ह्यूचा नमुना दाखवतो का, हे दोन बघा. नोकरीची हमी देत असेल तर लांब राहा. पोर्टफोलिओ "करून" देणाऱ्यांपासून तर अजूनच लांब, मुलाखतीत त्या पानावर प्रश्न आला की काय बोलणार.

अर्धवट_रेषा
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. नोटपॅडची टेस्ट केली, माझ्या नावाच्या मध्येच सॉलिडवर्क्स (दुसऱ्या कॉलममधलं सॉफ्टवेअरचं नाव) येतंय :( लिंक मात्र उघडतेय. गाइडना मेल टाकलाय. ४ प्रोजेक्ट निवडायला बसलेय पण त्यातला एक तिघांनी मिळून केलेला आहे, तो ठेवू का? काम चांगलं आहे पण फायनल मॉडेल माझं नाही, माझ्याकडे मेकॅनिझम होतं.

खडूस_रिव्ह्यूअर
ठेव. पहिल्याच पानावर लिही तिघं होतो आणि मेकॅनिझम माझं, मग पुढची पानं मेकॅनिझमवरच खर्च कर, बिजागरीचे चार प्रकार करून पाहिले असशील तर चारही दाखव, तुटलेला पण. फायनल मॉडेलचा एक फोटो पुरे, आणि बाकी दोघांना सांगून टाक, कारण त्यांचेही पोर्टफोलिओ याच कंपन्यांत येतात, तोच फोटो दोन ठिकाणी "माझं डिझाइन" म्हणून आला की मग आम्ही दोघांनाही बोलवत नाही.

फोमकोअर
आणि नवीन फाइल किती एमबी झाली ते इथे सांग.