फसलेल्या प्रिंटचेही पैसे कापतात का?

चिकूची_फांदी: आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काळ्या-पांढऱ्या प्रिंटला पानामागे 2 रुपये होते, सोमवारपासून 5 झाले. गेटाबाहेरचा झेरॉक्सवाला दीडमध्ये देतो. माझा प्रबंध 240 पानी, सरांनी तीनदा लाल शाईने रंगवून परत दिलाय. काल प्रिंटरने 112 वं पान अर्धं गिळलं, एकॉर्डियनसारखं चुरगळून बाहेर टाकलं, आणि कार्डातून 5 रुपये गेलेच. काउंटरवरच्या मॅडम म्हणतात, "मशीनने मोजलं, आता काय करू?"

जुना_लॅबवाला: अकरा वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काढलीत, म्हणून सांगतो. फुकट प्रिंट असली की मुलं बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकाही छापतात. टोनरच्या, म्हणजे प्रिंटरच्या शाईपुडीच्या, खोक्यावर किती पानं निघतील तो आकडा पानाचा जेमतेम 5 टक्के भाग काळा धरून लिहिलेला असतो; तुमचे नकाशे-फोटो आले की तो कुठला टिकतोय! तरी 5 रुपये जास्तच. माहिती अधिकारातसुद्धा ए-फोर पानाला 2 रुपये घेतात. ते चुरगळलेलं पान टाकलं नाहीत ना? तेच दाखवा, मागे तारीख-वेळ लिहून थेट ग्रंथपालांकडे जा.

शाईचा_डाग: कच्चा खर्डा बाहेरून पाठपोट काढ गं. सर काय, दोन्ही बाजू रंगवतील.

चिकूची_फांदी: पान टोपलीतून उचलून आणलं! ग्रंथपालांनी वहीत सही घेऊन 5 रुपये परत दिले. दर मात्र तोच आहे.