विषय: पालखेड १७२८ – सहा सरदार हवेत

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगमध्ये समोसे आले आणि माझा मुद्दा अर्धवट राहिला, म्हणून इथे लिहितोय. मी दर मंगळवारी इंग्रजांच्या ज्या वॉरगेमिंग क्लबात जातो, जिथे बारीक सैनिक मांडून जुन्या लढाया खेळतात (हो, तेच, "बाहुल्यांचं युद्ध"), त्यांना या हिवाळ्यात नेपोलियनमधून सुटका हवी आहे. मी पालखेडची मोहीम सुचवली. पहिला प्रश्न आला, लढाई केवढी मोठी? म्हटलं, म्हणावी अशी लढाई झालीच नाही. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. मग दुसऱ्या महायुद्धातल्या फील्ड मार्शल माँटगोमरीने या मोहिमेची तोंडभर स्तुती केली आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे दोन म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

ज्यांना शाळेतलं आठवत नाही त्यांच्यासाठी: निजामाने चौथ-सरदेशमुखी (मराठ्यांचा महसुलातला वाटा) अडवली आणि खरे छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी, असा घोळ घातला. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव मराठवाड्यात शिरला. नोव्हेंबरात जालन्याजवळ निजामाचा सरदार इवजखान याच्याशी चकमक झाली. मग बऱ्हाणपुरावर जातो अशी हूल देऊन हा खानदेशातून थेट गुजरातेत. निजाम पाठलागाला कंटाळून पुण्यावर चालून गेला. पुणे घेतलंही. पण बाजीराव पुणं सोडवायला आलाच नाही, तो औरंगाबादेच्या रोखाने वळला. आता पळायची पाळी निजामाची. जड तोफा मागे टाकून त्याने गोदावरी ओलांडली आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडला कोंडला गेला. पाणी नाही, दाणा नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह.

टेबलावर मांडायला यात फारसं काही नाही, म्हणून खेळ नकाशावर. षट्कोनी घरं, एक घर दहा मैलांचं. एक चाल म्हणजे एक आठवडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून १७ चाली. हुकूम रविवारी रात्री आठच्या आत मला मेल करायचे. मी पंच. दोन फौजा एका घरात आल्या की मंगळवारी क्लबात सहा बाय चार फुटांच्या टेबलावर सामना. घोडेस्वार १५ मिलिमीटरचे आहेत, रंगवायचं काम क्लबाचं. साच्यातले भाले वाकतात म्हणून मी ते कापून टाचण्या बसवतोय, दोन्ही अंगठ्यांची चाळण झाली आहे.

मंडळाकडून फक्त सहा डोकी हवीत. ब्रश धरता आला नाही तरी चालेल.

– ग्रंथालयवाला

* * *

अरे ग्रंथालया,

एवढा खटाटोप करायचाच तर पानिपत घे की. न झालेली लढाई खेळायची ही कुठली हौस? आणि दुसरं, इथे प्रत्येकाला शेवट पाठ आहे. ज्याला निजाम करशील तो पुण्याला जाईलच कशाला? तो औरंगाबादेत मांडी ठोकून बसेल. झाला तुझा खेळ.

पालखेड म्हणजे नाशकाकडचं धरणाचं ना?

– नाना

* * *

नाना,

धरणाचं पालखेड वेगळं, ते कादवा नदीवर, दिंडोरीकडे. आपलं वैजापूर तालुक्यातलं.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ऐतिहासिक मोहिमांना हा रोगच असतो, सगळेच शहाणे होऊन खेळायला बसतात. माझा उतारा असा: निजाम औरंगाबादेत बसून राहिला तर हरतो. दर चालीला मराठी घोडा त्याच्या मुलखातून वसुली करणार, आणि संभाजींना गादीवर बसवायचं तर त्याला पुणे प्रांतात पाय रोवावाच लागेल. शिवाय गुजरातचा सुभेदार सरबुलंदखान कुणाच्या बाजूने झुकतो, ते मी बंद पाकिटात ठेवलंय. बातम्याही शिळ्या मिळतील. निजामाला बाजीरावाचा ठावठिकाणा एक चाल उशिरा कळेल, तोही तीन जासुदांच्या तीन तोंडांनी.

चाल अशी: तोफांसकट निजामाची फौज आठवड्याला पाच घरं, तोफा टाकल्या तर आठ, मराठे बारा. आता सांगा, तोफा कुठे टाकाल? टाकल्या तर मोकळ्या मैदानात बाजीरावाला धाक कशाचा? न टाकाव्यात तर गोदावरीवर दोन घरांचा वेळ जातो. मला पंच म्हणून हाच क्षण बघायचाय.

आणि खरं सांगू? निजाम इंग्रजांना देऊन आपण सगळे बाजीराव व्हायचं, हे मला नकोच आहे. जयजयकार आपण दरवर्षी स्टेजवर करतोच. छप्पन्न वर्षांचा, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिजखानाला संपवलेला माणूस सत्तावीस वर्षांच्या पोराच्या हुलीला कसा फसतो, हे त्याच्या गादीवर बसल्याशिवाय कळायचं नाही.

निजाम तुम्ही व्हा.

– ग्रंथालयवाला

* * *

दादा,

मी सहसा इथे लिहीत नाही, पण माझं माहेर वैजापूर तालुक्यातलं, म्हणून राहवलं नाही. तुमच्या नियमांची फाइल उघडली. "फेब्रुवारीत वैरण दुर्मीळ" असं त्यात लिहिलंय. कुणी सांगितलं? फेब्रुवारीत आमच्याकडे शाळू उभा असतो, हुरडा नुकता सरलेला असतो. काळ्या रानात घोडं सोडलं तर रात्रीत एकरभर फस्त करील. वैरणीचं दुर्भिक्ष एप्रिल-मेचं. फेब्रुवारीत मरण पाण्याचं. ओढे आटलेले, विहिरींना पाणी असतं पण तळाला. आमच्या विहिरीला चाळीसेक पायऱ्या होत्या. माझी आजी दोन घागरी घेऊन उतरायची आणि वर येईस्तोवर घामाघूम व्हायची. हजारो घोड्यांना असं पाणी शेंदून पाजायचं म्हटलं तर अख्खी रात्र पुरायची नाही.

म्हणून वैरणीचा नियम काढा आणि पाण्याचा घाला. गोदावरीपासून किती घरं लांब, त्यावर रोज किती जनावरं पडतात ते ठरवा. आणि उभा शाळू पेटवायची मुभा मराठ्यांना द्या. पण फुकट नको, रयत त्यांचीही व्हायची आहे. त्याचे गुण कापा.

मला कुणाच्याच बाजूला घेऊ नका. मी जासूद होते, निजामाला खोट्या बातम्या द्यायला.

– माई

* * *

माई, रविवारी सगळी रात्र बसून नियम पुन्हा लिहिला. शेवटचा सामनाही त्यामुळे सुचला: टेबलाच्या एका टोकाला निजामाचा तळ, दुसऱ्या टोकाला तीन विहिरी, मध्ये होळकर आणि शिंदे. शत्रू मारल्याचे गुण शून्य. जेवढे घोडे विहिरीपर्यंत पोचले तेवढे गुण. क्लबातला एकजण म्हणाला, चाळीस वर्षांत पाण्यासाठी कधी खेळलो नव्हतो.

– ग्रंथालयवाला

* * *

सर्वांस,

खजिनदार या नात्याने: उद्घाटनाच्या दिवशी नकाशा अंथरायला हॉल हवा असेल तर शनिवारी दुपारी दोन तास मिळेल, भाड्याचा अर्धा भाग क्लबाने द्यावा. मागच्या वेळी मुलांच्या किल्ले-स्पर्धेत फरशीवर सांडलेला फेविकॉल मी स्वतः कालथ्याने खरवडला आहे. या खेपेला वर्तमानपत्रं पसरा. चहा आपला आपण आणा.

मल्हारराव होळकर अजून कुणी घेतला नसेल तर माझं नाव लिहा.

– खजिनदार

* * *

निजाम: नाना. बाजीराव: क्लबाच्या अध्यक्षबाई (त्यांना इतिहास माहीत नाही, कृपया कुणी सांगू नका). होळकर: खजिनदार. राणोजी शिंदे, इवजखान, संभाजी आणि सरबुलंदखान यांच्या जागा रिकाम्या. पहिले हुकूम या रविवारी, फक्त माझ्या पत्त्यावर. पुन्हा सांगतो, फक्त माझ्या.

– ग्रंथालयवाला

* * *

पंचांस,

गोपनीय. पहिली चाल. इवजखानाने जालन्यास थांबून गनिमास गुंतवावे. मी मुख्य फौज आणि तोफखाना घेऊन अहमदनगरमार्गे पुण्यावर कूच करतो. औरंगाबादेत शिबंदी फक्त नावापुरती.

– नाना (आसफजाह)

* * *

नाना, हे अख्ख्या यादीला गेलं! होळकरांनी वाचलंसुद्धा, मला त्यांचा फोन आला!

* * *

जाऊ दे. ती हूल होती. खरा हुकूम तुला काल रात्रीच पाठवलाय, बघ.

– नाना