ऑलिम्पिक डिस्टन्स म्हणे! मग अंतर तेवढं भरवा ना

सिंहगड_पहाटे_पाच:
काल आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ ट्रायथलीटने लिहिलं, "ट्रायथलॉनला ठरलेलं अंतर वगैरे काही नसतं. तलाव जेवढा, तेवढं पोहायचं. ज्यांना सेकंद मोजायचेत त्यांनी ट्रॅकवर जावं." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं की ॲडमिन फुलांचा फोटो टाकून विषय गुंडाळतो, म्हणून इथे सविस्तर.

गेल्या हिवाळ्यात एका 'ऑलिम्पिक' ट्रायथलॉनला गेलो होतो, म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० सायकल, १० धावणं. फी घसघशीत. पोहून बाहेर आलो तर घड्याळ ११८० मीटर दाखवतंय. हात पाण्याखाली गेला की जीपीएस गंडतं, मान्य, सोडून दिलं. सायकल ३६ किमी, कारण पुढे रस्ता खणलेला. धावणं मात्र ११ च्या वर! वळायच्या खुणेपाशी उभा केलेला पोरगा ऊन लागतंय म्हणून पुढच्या वडाखाली जाऊन उभा राहिला, आणि आम्ही सगळे त्या वडाला वळसा घालून आलो. हातात प्रमाणपत्र: ५१.५ किमी.

मॅरेथॉनचा मार्ग मोजताना दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, चुकूनही कमी भरू नये म्हणून. आणि इथे चार किलोमीटर गायब झाले तरी आम्ही 'स्पिरिट' बघायचं?

टेकडीउतार:
तीव्र असहमत. हे आकडे आले कुठून? १९७८ साली हवाईत जॉन आणि ज्युडी कॉलिन्स यांनी तिथल्याच तीन शर्यती एकाला एक जोडल्या, तीच आयर्नमॅन. वायकिकीचं २.४ मैल पोहणं, ओआहू बेटाची सायकल फेरी आणि होनोलुलू मॅरेथॉन. सायकल फेरी होती ११५ मैलांची. ती ११२ वर आणली, कारण मग सायकल थेट मॅरेथॉनच्या स्टार्टला संपत होती. तुम्ही देव्हाऱ्यात बसवलेले सायकलचे १८० किमी म्हणजे ही सोय! फ्रान्समध्ये नीसला वर्षानुवर्षं ४-१२०-३० (पोहणं-सायकल-धावणं, किमी) चालायचं. हल्लीची टी१०० मालिका बघा, २-८०-१८. कोणाचं काय बिघडलं?

सिंहगड_पहाटे_पाच:
टी१०० वाले २-८०-१८ आधी सांगतात आणि तेवढंच देतात. तुम्ही खुशाल १-३३-७ ठेवा, मी येईन. फक्त त्याला 'ऑलिम्पिक' म्हणून पैसे घेऊ नका. सिडनी २००० पासून त्या नावाला १.५-४०-१० चिकटलेलं आहे.

पाण्यातली_मावशी:
तुम्ही पळणारे लोक पाण्याला रस्ता समजता, ही खरी अडचण. मेक्सिकोत कोझुमेलला २०२१ मध्ये नॉर्वेच्या ब्लुमेनफेल्टने फुल आयर्नमॅन अंतर ७:२१:१२ मध्ये मारलं, त्यात ३.८ किमी पोहणं चाळीस मिनिटांच्या आत. प्रवाह पाठीशी होता. अंतर 'नेमकं' असून काय कळलं? मुंबईत समुद्रातल्या संक रॉक दीपगृहापासून गेटवेपर्यंत पोहून बघा एकदा. ५ किमी ते ५ किमीच, पण वेळ साधली तर समुद्र उचलून आणून सोडतो, नाही साधली तर ताजमहाल हॉटेल समोर दिसतंय आणि अर्धा तास जवळच येत नाही. मी रडले आहे तिथे, गॉगलच्या आत.

आणि पॅरिस २०२४ आठवा. सीनचं पाणी खराब म्हणून पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे गेली, पाणी सुधारलंच नसतं तर पोहणं वगळून ड्युएथलॉन, म्हणजे नुसतं धावणं आणि सायकल, घ्यायची तयारी होती. खुद्द ऑलिम्पिकमध्ये!

चौकातला_शहाणा:
अंतराचं मरू दे. आमच्या तालुक्यात एकाने गोव्याची हाफ आयर्नमॅन केली, १.९-९०-२१.१. चौकात वीस फुटी फ्लेक्स: 'आयर्नमॅन किताबाचे मानकरी'. मागे डरकाळी फोडणारा वाघ, वर सात इच्छुक नगरसेवक. पेपरात 'जगातील सर्वात खडतर स्पर्धा'. अहो, फुल २२६ किमीची, ही ११३ ची. बारावीवाल्याला पदवीदान करतात का? मिलिंद सोमणने २०१५ ला झुरिकला पन्नाशीच्या उंबरठ्यावर फुल केली, तेव्हापासून ही साथ पसरली आहे.

टेकडीउतार:
+१. आणि पिंढरीवरचा टॅटू विसरलात.

कापडवाला_ट्राय:
फ्लेक्सवर मीच असू शकतो, म्हणून बोलतो. हाफच केली. रात्री दहाला दुकानाचं शटर ओढायचं, चारला उठून कॅनॉलच्या रस्त्यावर सायकल, कुत्री मागे. फ्लेक्स मी लावला नाही, मित्रांनी लावला. वाघ त्यांना फुकट मिळाला. पण तो बघून आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला लागली. तुमच्या फुलने गावात काय हाललं? आधी तुम्ही किती पोहता ते सांगा.

चौकातला_शहाणा:
मी पोहत नाही. म्हणून आकडे कळत नाहीत असं थोडंच आहे? खोटं ते खोटं.

कापडवाला_ट्राय:
झालं. काठावरचे पंच. नमस्कार.

पाण्यातली_मावशी:
दोघेही गार पाणी प्या. पण दादा, वाघ जरा जास्तच होता हो.

नांगर_आणि_बोया:
मी लहान स्पर्धा घेतो, त्यामुळे वरचं सगळं वाचून रक्तदाब वाढला. पोलीस, पालिका, पाटबंधारे, तीन परवानग्या आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या आठवड्यात. बोया, म्हणजे पाण्यावरची तरंगती खूण, नांगराला बांधून ठेवला की रात्रीत कोणीतरी दोर कापून नेतो, चांगला नायलॉनचा असतो ना. राहिलेला बोया वाऱ्याने सरकतो. सायकलचे ४० भरवायला कारखान्याच्या रस्त्यावर जावं लागतं आणि हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रस्त्यावर पाचट. चार किलोमीटर कमी देऊन तुम्हाला धडधाकट घरी पाठवलं, तर तुम्ही टेप घेऊन उभे!

सिंहगड_पहाटे_पाच:
ट्रॉल्यांचं मान्य, नाइलाजाने. वडाखालच्या पोराचं नाही. आणि रस्ता खणलाय हे तुम्हाला आदल्या रात्री कळलं असेल, तर सकाळी माइकवर सांगायला काय हरकत? प्रमाणपत्रावर ३६ छापा.

नांगर_आणि_बोया:
प्रमाणपत्रं पंधरा दिवस आधी छापून येतात, साहेब.

सिंहगड_पहाटे_पाच:
मग पेनने खोडा.

टेकडीउतार:
शेवटी मागणी पेनवर आली. चला, प्रगती आहे. मावशींच्या प्रवाहाला काय उत्तर?

सिंहगड_पहाटे_पाच:
बॉस्टन मॅरेथॉनला २०११ मध्ये केनियाचा जेफ्री मुताई २:०३:०२ धावला, पण मार्ग उताराचा आणि एका दिशेचा म्हणून विश्वविक्रम धरला नाही. वेळ मात्र तशीच नोंदली. अंतर खरं लिहा, प्रवाह होता हेही लिहा, मग ज्याला जे समजायचं ते समजू दे. मला विक्रम नकोय हो, मागच्या वर्षीच्या माझ्यापेक्षा मी म्हातारा झालो की नाही एवढंच बघायचंय.

पाण्यातली_मावशी:
ते पिंढऱ्या सांगतील, त्याला घड्याळ कशाला. असो, एवढ्यापुरतं बरोबर आहे तुमचं.

नांगर_आणि_बोया:
ठीक आहे, पुढच्या वर्षी 'ऑलिम्पिक' काढून टाकतो. नुसतं तलावाचं नाव. नोंदणी निम्मी होईल, तेव्हा इथले सगळे या भरायला.

सिंहगड_पहाटे_पाच:
येतो की. फी तेवढी किलोमीटरवर लावा.

नांगर_आणि_बोया:
लावतो. धावण्याचा जादा एक किलोमीटर आधी वसूल करतो.