मदत हवी आहे: निकेलवर अमोनिया फुटतच नाही!

माटुंग्याची_पोर
अमोनियापासून हायड्रोजन काढायचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) बनवलाय. ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियम ऑक्साइडची पावडर) १० टक्के निकेल. सगळं रिसर्च पेपरात दिलंय तसंच केलं, तरी ५५० अंशाला कन्व्हर्जन (किती अमोनिया फुटला ते) जेमतेम १२ टक्के. शुक्रवारी सरांना आकडे दाखवायचेत. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

रिकामी_टाकी
फ्लो किती? कॅटॅलिस्ट किती ग्रॅम? अमोनिया प्युअर की आर्गॉनमध्ये? ट्यूब स्टीलची असेल तर स्टीलच थोडा अमोनिया फोडतं, ते वेगळंच. 'तसंच केलं' यातून काय कळणार?

सोपान_७२
रुथेनियम धातू घ्या आणि मोकळ्या व्हा. निकेल नायट्रोजनला धरून बसतं, सोडतच नाही. आम्ही ४५०लाच ९०च्या वर गेलो होतो.

रिकामी_टाकी
सोपानराव, रुथेनियमचा भाव बघितलाय? स्वस्तात व्हावं म्हणून तर निकेलची एवढी धडपड. दर धाग्यावर तुमचं तेच.

बर्फवाला_ससून_डॉक
आमच्या कारखान्यात तीस वर्षं अमोनियाच आहे. पितळी व्हॉल्व्ह अजिबात लावू नका, तडकतात. गळती झाली तर वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं.

रिकामी_टाकी
काका, ती बर्फ नाही पाडत आहे.

माटुंग्याची_पोर
क्वार्ट्झ ट्यूब. प्युअर अमोनिया, मिनिटाला १०० मिलि, कॅटॅलिस्ट ०.२ ग्रॅम. आधी हायड्रोजनमध्ये ५००ला दोन तास रिडक्शन, निकेल ऑक्साइडचा धातू करायला. बाहेर ८८ टक्के अमोनिया येतो, म्हणून १२.

पवईकर
शंभरातून वजा केलंत? दोन रेणू अमोनिया फुटला की चार रेणू वायू होतो, बाहेरचा गॅस फुगतो. ०.१२ भागिले १.८८ करा. तुमचं कन्व्हर्जन ६.४ आहे. सॉरी.
कॅल्सिनेशन, म्हणजे पावडर भाजणं, किती अंशाला? आणि पावडरचा रंग?

माटुंग्याची_पोर
अरे देवा.
कॅल्सिनेशन ८५०. पेपरात ४५० होतं, पण मफल भट्टी शेजारच्याच्या बॅचसाठी ८५०ला लागलेलीच होती, तिच्यातच क्रुसिबल सरकवलं. जास्त तापलं तर चांगलंच ना? रंग फिकट निळा, मस्त दिसतो.

पवईकर
तोच निळा रंग घात करतोय. निकेल ॲल्युमिनात शिरून स्पिनेल (निकेल-ॲल्युमिनियमचा पक्का ऑक्साइड) झालाय. तो ५००ला रिड्यूस होत नाही, ८००च्या आसपास न्यावं लागतं. रिडक्शननंतर पावडर काळी पडली होती का?

माटुंग्याची_पोर
नाही, निळसरच होती. मला वाटलं, आमचा कॅटॅलिस्ट तसाच असेल. आणि आमची ट्यूब फर्नेस ७००च्या वर जात नाही.

पवईकर
मग ही बॅच विसरा. नवी करा, ४५०ला चार तास. आणि थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बेडमध्ये, म्हणजे कॅटॅलिस्टच्या थरात, घाला. रिॲक्शन उष्णता खाते, त्यामुळे फर्नेस ५५० दाखवत असली तरी आत तेवढं असेलच असं नाही.

सोपान_७२
रुथेनियमला हे नखरे नसतात.

माटुंग्याची_पोर
नवी बॅच ओव्हनमध्ये वाळतेय. मफलवर चिठ्ठी चिकटवून आले: '४५०. हात लावू नये.'
बर्फवाले काका, पितळेचं खरंच का? आमच्या लाईनला एक पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आहे.

बर्फवाला_ससून_डॉक
आधी सिलिंडर बंद कर पोरी, मग टाईप कर.