मदत हवी आहे: पीएस-१ बॉक्सकार घ्यावी का?

मंडळी, मॉडेल रेल्वेसाठी एचओ स्केलची (१:८७) पुलमन-स्टँडर्ड कंपनीची पीएस-१ बॉक्सकार (बंद मालडबा) सेकंडहँड मिळतेय. मूळ ४० फुटी डबा, म्हणजे मॉडेल साधारण साडेपाच इंच. हातात घेऊन पाहिली. शिड्या, पकडायच्या दांड्या, ब्रेकचं चाक सगळं वेगळं बसवलेलं आहे, बॉडीवरच ओतलेलं नाही. छतावरच्या चालपट्टीची जाळी तर इतकी नाजूक की बोट लावायची भीती वाटते. चाकं धातूची, चाकांमधलं अंतर तपासायच्या गेजमध्ये बरोबर बसली.

अडचण आहे ती काळाची. माझा लेआउट (मॉडेल रेल्वेचा मांडलेला देखावा) 1955 चा अमेरिकेतला आहे. पीएस-१ 1947 पासून बनत होती, म्हणजे डबा चालेल. पण याच्या बाजूवर रंगीत पट्ट्यांची एसीआय पाटी (डब्याची ओळख यंत्राने वाचण्यासाठीची) छापलीय आणि ती तिकडे 1967 पासून आली! विकणारा म्हणतो, कोण बघतंय. अहो, मीच बघणार ना रोज!

वजन भरलं 92 ग्रॅम. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या हिशोबाने (1 औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस) 106 च्या आसपास हवं.

तर दोन प्रश्न. छापील पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढली तर खालचा तांबूस रंग टिकतो का, की तेवढ्या भागावर जुनाट रंगकाम करून ती झाकलेली बरी? आणि दारं चिकटवलेली असताना आत वजन कुठून घालता? छत उचकटायला गेलो तर ती जाळी नक्की तुटणार. ज्यांनी असा डबा उघडलाय त्यांनी कृपया सांगा, रविवारपर्यंत विकणाऱ्याला कळवायचंय.