सल्ला हवा: शोरूम की बस डेपो? जनरल सर्व्हिस टेक्निशियनची नोकरी

कोरेगावकर२३:
नमस्कार मंडळी. यंदा आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स संपला. पुण्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एक कारच्या शोरूमचं सर्व्हिस सेंटर, दुसरा कंपन्यांच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसचा डेपो. डेपोत सत्तरेक गाड्या आणि कायम रातपाळी. पगार सारखाच. घरचे म्हणतात, डेपोत नुसतं ग्रीसिंग करत बसशील. कुणी हे काम केलंय का?

पिटातला माणूस:
चौदा वर्षं करतोय. डेपो घे. शोरूममधून गाडी एकदा गेली की पुन्हा तुझ्याच हाताखाली येईल याचा भरवसा नाही. इथे तू बसवलेले ब्रेकचे लायनर वर्षभर तुझ्यासमोर झिजतात.

आणि ग्रीसिंगला 'नुसतं' म्हणू नकोस रे. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा. त्याच्या क्रॉसला, म्हणजे चार टोकांच्या सांध्याला, ग्रीस मारताना टोकांवरच्या चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तिनांतून आलं आणि चौथा कोरडा राहिला, तर त्या कपातले रोलर सुकेच फिरतायत. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, मारायचं तर पुढचा एक्सल उचलून, चाकं अधांतरी ठेवून. नाहीतर भार पडतो त्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. पहिल्या वर्षी मी घाईत दोन-दोन पंप मारून जॉब कार्डावर सही केली होती. त्याच गाडीचा क्रॉस खंबाटकी घाटात तुटला. चाळीस माणसं रात्री रस्त्याच्या कडेला उभी होती. तेव्हापासून चौथा कप पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

भोसरी_रातपाळी:
होकार देण्याआधी वर्कशॉप बघू द्या म्हण. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावलेली नसेल, तर पगार कितीही असो, परत फिर. मागच्या ब्रेक चेंबरमधली (हवेच्या ब्रेकचा डबा) स्प्रिंग कायम दाबलेली असते. ती बोल्टाने बांधून न घेता क्लॅम्प खोलला तर जीव जातो. वरिष्ठ शेजारी उभा असल्याशिवाय त्याला हात लावू नकोस.
रातपाळीची सवय व्हायला मला दोन महिने लागले. दिवसा अंधार होईल अशी खोली बघ, बाकी जमतं.

वायरिंगवाली ताई:
मी थोडं वेगळं सांगते. १ एप्रिल २०२०पासून बीएस६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) आल्यावर निम्मं दुखणं सेन्सरचं असतं. डेपोत स्वतःचा स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) आहे का, नव्या मुलाच्या हातात तो देतात का, हे विचार. डॅशबोर्डवर लागलेल्या प्रत्येक इशाऱ्याच्या दिव्यासाठी बाहेरचा माणूस बोलावत असतील तर तू तीन वर्षांनीही ऑइल-फिल्टरच बदलत असशील. मग शोरूम बरं, तिथे कंपनीचं ट्रेनिंग तरी मिळतं.
आणखी एक. धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. त्या टाकीत कुणी चुकून डिझेल ओतलं तर गाडी सुरू करायची नाही, चावीसुद्धा फिरवायची नाही. आधी टाकी रिकामी. पंपाने ते पुढे ओढलं की खर्च कुठच्या कुठे जातो.

कोरेगावकर२३:
ताई, दादा, मनापासून आभार. एसटीची अप्रेंटिसशिप कशी?

पिटातला माणूस:
शिकायला उत्तम. विभागवार जाहिराती निघतात, लक्ष ठेव. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बसची बॉडी बांधताना बघायला मिळाली तर सोडू नकोस. पण अप्रेंटिसशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे घरी आधीच सांगून ठेव.

कोरेगावकर२३:
काल डेपो बघून आलो. प्रत्येक गाडीखाली घोड्या होत्या. स्कॅनर एकच आहे, पण फोरमनकाका म्हणाले, सहा महिन्यांनी शिकवतो. एका बसच्या मागच्या चाकाला एका नटापासून गंजाची लाल रेघ निघालेली दिसली, ते काय?

भोसरी_रातपाळी:
नट ढिला पडलाय. काकांना आजच फोन कर, ती गाडी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) नट तपासल्याशिवाय बाहेर जायला नको.

कोरेगावकर२३:
केला. गाडी थांबवली त्यांनी. सोमवारपासून ये म्हणालेत.