लांब नाकाचा ट्रक: ड्रायव्हरांची पसंती नेमकी कशावर ठरते?

रेखाटनकार:
मी वाहनांची त्रिमितीय चित्रे तयार करतो आणि सध्या अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी एका काल्पनिक सेमी ट्रकचा आराखडा करत आहे. पीटरबिल्ट ३७९ चे उत्पादन २००७ मध्ये थांबले असले, तरी देखण्या ट्रकचा विषय निघाला की तेथील ड्रायव्हर अजूनही त्याचे किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० चे नाव घेतात, आणि फ्रेटलायनर कॅस्केडियासारखे गुळगुळीत ट्रक महामार्गांवर जागोजागी दिसत असूनही त्यांच्याबद्दल कौतुकाने बोलणारे फारसे भेटत नाहीत. त्यामुळे मी माझ्या ट्रकला लांब बॉनेट, चकचकीत बंपर आणि दोन उभी धुराडी दिली. तरीही तो खेळण्यातला वाटतो. ही पसंती केवळ जुन्याच्या ओढीतून आलेली आहे, की प्रमाणांमध्येच असे काही आहे जे माझ्या नजरेतून सुटते आहे?

आसमोजणी:
बॉनेटच्या लांबीवर अडून राहू नका. पुढच्या बंपरपासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर लांब बॉनेटच्या ३७९ मध्ये १२७ इंच आहे आणि कॅस्केडियाच्या मोठ्या आवृत्तीत १२६ इंच, म्हणजे फरक फक्त एका इंचाचा. तरीही पहिल्याला सगळे लांब नाकाचा म्हणतात आणि दुसऱ्याला कोणी म्हणत नाही, कारण डोळा लांबी मोजत नाही; पुढचे चाक कुठे आहे आणि बॉनेटची वरची रेषा कशी जाते, हे तो पाहतो.

३७९ मध्ये पुढचा आस (अ‍ॅक्सल) बंपरच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे चाकाच्या पुढे फारसे काही लोंबत नाही आणि चाक व दार यांच्यामध्ये बॉनेटची मोठी, मोकळी बाजू दिसते. कॅस्केडियामध्ये तो आस दाराकडे सरकवलेला असल्याने तेवढीच लांबी चाकाच्या पुढे आणि मागे वाटली जाते आणि नाक खाली झुकल्यासारखे वाटते. आपल्या चित्रात बॉनेट लांब असूनही चाक दाराला चिकटलेले असेल, तर कितीही क्रोम चढवले तरी उपयोग होणार नाही. चाक पुढे घ्या, बॉनेटची वरची कड जवळजवळ आडवी ठेवा आणि समोरची काच लहान व शक्यतो दोन भागांची करा.

मागची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हौशी मालक पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २८० ते ३०० इंचांपर्यंत वाढवून घेतात, आणि त्यामुळे स्लीपरच्या (केबिनला जोडलेल्या झोपण्याच्या खोलीच्या) मागे चेसिसचा जो उघडा पट्टा दिसतो तो त्यांना मुद्दाम हवा असतो. ट्रक लांब आणि जमिनीलगत बसलेला दिसतो तो या पट्ट्यामुळे. धुराडी, व्हायझर आणि दिव्यांच्या रांगा हे सगळे त्यानंतरचे.

जुनामार्ग:
वरील उत्तराला थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण ही प्रमाणे केवळ हौसेतून आलेली नाहीत. १९८२ पूर्वी अनेक राज्यांत ट्रॅक्टर (म्हणजे इंजिन व केबिन असलेला, ट्रेलर ओढणारा पुढचा भाग) आणि ट्रेलर यांच्या एकत्रित लांबीवर मर्यादा होती. ट्रेलरला अधिक जागा मिळावी म्हणून ट्रॅक्टर आखूड ठेवणे फायद्याचे होते आणि म्हणूनच इंजिनावर केबिन असलेले सपाट तोंडाचे ट्रक तेथे सर्रास चालत. त्या वर्षीच्या संघीय कायद्याने राष्ट्रीय मार्गजाळ्यावर एकूण लांबीची मर्यादा घालण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेतला आणि मोजमाप ट्रेलरपुरते ठेवले. ट्रॅक्टर लांब असल्याचा तोटा त्यामुळे संपला, आणि आसावर बसून धक्के खाणाऱ्या ड्रायव्हरांनी लांब बॉनेटचे स्वागत केले. युरोपात एकत्रित लांबीची मर्यादा कायम राहिल्याने तेथील ट्रकांचे तोंड आजही सपाट आहे.

पुढे नेलेल्या आसालाही व्यावहारिक कारण आहे. पूल सुरक्षित राहावेत म्हणून संघीय सूत्र आसांमधील अंतरानुसार वजन ठरवते: पाच आसांच्या गाडीला ८०,००० पौंडांची पूर्ण मुभा हवी असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या आसात सुमारे ५१ फूट अंतर लागते. ५३ फुटी ट्रेलरला ते सहज मिळते. आखूड टँकर ओढणाऱ्याला मात्र पुढचा आस जितका पुढे तितके बरे.

कंपनीचाचालक:
माझे मत वेगळे आहे, आणि माझ्यासारखे दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवणारे ड्रायव्हर संख्येने कमी नाहीत. १९८५ मध्ये केनवर्थने उतरत्या नाकाचा आणि मागे सरकवलेल्या आसाचा टी ६०० आणला, तेव्हा त्याला मुंगीखाऊ म्हणून हिणवले गेले. पण इंधनाची बचत दिसू लागल्यावर इतर कंपन्यांचे ट्रकही त्याच वळणावर गेले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा महामार्गावर चौकोनी ग्रिल आणि बाहेर लटकणारे एअर क्लीनर मिरवण्याचा खर्च मालकाला रोज भरावा लागतो. उतरत्या बॉनेटवरून समोरचा रस्ता अधिक जवळून दिसतो, आणि गोदामाच्या अरुंद आवारात ट्रेलर मागे घेताना आखूड ट्रॅक्टर किती सोयीचा असतो हे दिवसातून दोनदा कळते. मला सरळ उभे राहून कपडे बदलता येतील असे उंच छत हवे असते; बाहेरून ट्रक कसा दिसतो हे आत झोपणाऱ्याला दिसत नाही. स्वतःच्या पैशाने ट्रक घेतला, तर कदाचित मीही ३७९ च्या जागी आलेला ३८९ घेईन, पण तो हिशेब वेगळा.

रेखाटनकार:
आपणा सर्वांचे आभार. चाक पुढे घेतल्यावर चित्र लगेच सुधारले. आता छताचा प्रश्न उरतो: सपाट छत दिले की मागचा बंद ट्रेलर केबिनच्या डोक्यावरून डोकावतो आणि ट्रॅक्टर बुटका वाटतो.

आसमोजणी:
तो तसाच वाटणार, कारण बंद ट्रेलरची उंची साधारण १३ फूट ६ इंच असते आणि सपाट छताच्या स्लीपरमागे त्याची समोरची भिंत उघडी पडते. वाराही तिच्यावरच आदळतो. ६३ इंच लांबीचा, सपाट छताचा स्लीपर टँकर, सपाट ट्रेलर किंवा गुरे वाहणारा ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये अधिक प्रिय आहे. आपल्याला ते छत ठेवायचे असेल तर ट्रेलर बदला. बंद ट्रेलरच हवा असेल, तर छत उंच घ्या, त्याची चढण समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून सुरू करा आणि फिफ्थ व्हील (ट्रेलर जोडण्याची ट्रॅक्टरवरची तबकडी) पुढे सरकवून केबिन व ट्रेलर यांच्यातील फट कमी करा. चेसिसचा उघडा पट्टा मग ट्रेलरखाली झाकला जाईल, हे मात्र मान्य करावे लागेल.